न लावलेला बिबा

माझ्या सासूबाई, केसरबाई. त्यांना ‘हो’ म्हणायला लावणारा माणूस सावली तालुक्यात अजून जन्मायचा आहे, असं शेजारीपाजारी म्हणतात. मी त्यांना बाई म्हणते. माझ्या यजमानांच्या, अश्वजितच्या, वेळी त्या बाळंतपणाला दवाखान्यात गेल्या होत्या. नर्सनं लुगडं सोडायला सांगितलं, तशा पोट धरून पायी घरी परतल्या आणि चुलीजवळ बाळंत झाल्या. तेव्हापासून कोणत्याच डॉक्टरला त्यांनी मनगटापलीकडे काही दाखवलं नाही. सासरे वारल्यावर बाईंचे दीर आमची धानाची बांधी नांगरायला आले, तर या विळा घेऊन शेताच्या कडेला, धुऱ्यावर बसल्या. दीर बैल घेऊन परत गेले. ती बांधी आजही आमचीच आहे.

दुखण्याला त्यांचं औषध एकच, बिबा. तापवलेली सुई बिब्यात टोचायची आणि दुखतं तिथं टेकवायची. डाग काळा पडतो, जन्मभर जात नाही. बाई डाग जोडीनंच घालायच्या. “एकट्या बिब्याले दुखणं भेत नाई,” हे त्यांचं शास्त्र.

गेल्या वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, बुद्धविहारातलं ग्रंथवाचन माझ्याकडे होतं. बाई रोज पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसायच्या आणि मी अडखळले की सगळ्यांदेखत म्हणायच्या, “मांगून वाच वं परत, समजलं नाई.” दिवसा बकऱ्यांसाठी जंगलाकडच्या धुऱ्यावरचं उंच गवत कापायच्या, थकल्या की त्यातच बसायच्या. भादव्यात त्यांना ताप भरला. डोकं फुटून राह्यलं म्हणाल्या. मलेरिया निघाला नाही, डेंग्यू निघाला नाही. गोळ्या झाल्या, सलाईन झालं, ताप हलेना. मग एका सकाळी पाणी मागता मागता त्यांना धाप लागली. तथागतांपुढे लावलेली मेणबत्ती तशीच ठेवून मी निघाले. अश्वजितनं त्यांना उचलूनच सरकारी दवाखान्यात आणलं.

तिथं डॉक्टर दिव्यानी होत्या. वयानं लहान, इकडच्याच, धानवाल्या शेतकऱ्याची मुलगी. त्यांनी ऑक्सिजनची नळी लावली, लुगड्यावरूनच छाती तपासली आणि म्हणाल्या, “आजी, अंग पाहा लागते. पूर्ण.”

“काऊन? ताप तं डोक्यात आहे.”

“गवतातला बारीक किडा चावला असन, तं कुठीतरी काळा डाग राह्यते. काखेत, कमरेले, मांडीले.”

“किडा चावला असता तं मले समजलं नसतं का?”

“तो डोळ्याले दिसत नाई, आजी. चावला तं दुखत बी नाई.”

“मंग तुले कसा दिसन?”

अश्वजित काकुळतीला आला. “माय, दाखव ना वं. जीव जाईन तुहा.”

“जाऊ दे. लुगड्यासंगंच जाईन. तू बाहीर हो आधी.”

तो बाहेर गेला आणि गाडीवाल्याला फोन लावून बसला. चंद्रपूरला न्यायचं त्याच्या मनानं घेतलं होतं. मी बाईंच्या पायाशी उभी. त्यांचे ओठ निळसर दिसत होते, पण दोन्ही हात कमरेच्या गाठीवर घट्ट. बेशुद्ध पडल्या असत्या तरी ती गाठ सुटली नसती.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी बाईंचं मनगट उलटं केलं. तिथं दोन काळे ठिपके.

“हा बिबा कायचा, आजी?”

बाईंनी डोळे वटारले. बिब्यावरून डॉक्टर लोक नेहमी बोलतात. “काऊन? तुह्या गोळीपेक्षा बरा आहे. विळा धरून धरून हात भरला होता, एका रातीत मोकळा झाला.”

“असं? अन् गुडघ्याले?”

“गुडघ्याले नाई घातला का? हे पाह्य.” बाईंनी लुगडं स्वतःच गुडघ्यापर्यंत ओढलं. “हे धानाच्या रोवण्यातले. हे अश्वजितच्या लग्नातले, कामानं मेली होती मी.” धाप लागत होती, मध्येच थांबत होत्या, पण हटत नव्हत्या. खांदा दाखवला. मान दाखवली.

“कमरेले नसन घातला,” डॉक्टर म्हणाल्या.

“नाई कशी? जिंदगी वाकून गेली माही!” आणि ज्या गाठीसाठी त्या मरायला तयार होत्या, ती गाठ त्यांनी आपल्या हातानं सैल केली. “पाह्य. मोज.”

मी वाकून पाहिलं. डाव्या कुशीला दोन ठिपके होते, जुने. त्यांच्या बोटभर खाली, गाठ बसते तिथं, आणखी एक होता. बिडी विझवल्याचा चटका असावा तसा काळा, भोवती लालसर कडं.

“बाई, इथं एकटाच आहे.”

“एकटा? मी एकटा बिबा कधी घातलाच नाई.”

डॉक्टरांनी त्यावर बोट दाबलं. “दुखते?”

“नाई.”

डॉक्टर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “मागच्या साली एका बाईच्या पाठीवर असाच डाग मी बिबा समजली, ताई. ती वाचली नाई. तवापासून मी हरेक डागाची कहाणी पुसतो.”

तो किडा चावून येणाऱ्या या तापाला स्क्रब टायफस म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. तेवढ्यात अश्वजित आत आला. “मॅडम, गाडी आली. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत इथी ठेवून काय फायदा?”

“रिपोर्ट येईन तवा येईन. मी त्याची वाट पाहत नाई,” डॉक्टर म्हणाल्या. “औषध आत्ता जाईन. न्यायचं असन तं त्याच्यानंतर न्या.”

“मी कुठी जात नाई,” खाटेवरून आवाज आला. “हे पोरगी बराबर पुसते.”

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. रिपोर्ट त्यानंतर आला, ताप डॉक्टर म्हणाल्या होत्या तोच.

घरी आल्यावर बाई काठी टेकत थेट विहारात आल्या. वाचन सुरू होतं, तरी उभ्या राहिल्या.

“बापे हो, तोंडं फिरवा.”

अध्यक्ष बापूराव दचकले. “केसरबाई, हे विहार आहे.”

“म्हणूनच. साऱ्या बाया इथीच भेटतात. फिरवा म्हटलं ना!”

पुरुषांनी भिंतीकडे तोंडं केली. बाईंनी कमरेची गाठ सैल करून कुशीवरचा वण दाखवला. “हे पाहून घ्या. ताप आला अन् असा डाग दिसला, तं बिबा म्हणून झाकू नोका. दवाखान्यात दाखवा. लाजून मेलं तं कोणी हार नाई घालत.”

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मागच्या रांगेतून खुशबू, मुंडेवाड्याकडची नवी सून, दबक्या आवाजात म्हणाली, “आजी, माह्या सासूले परवापासून ताप आहे. अंगाले हात लावू देत नाई.”

बाईंनी गाठ मारली आणि काठी उचलली. “चाल.”

“वाचन, केसरबाई?” बापूराव भिंतीला विचारत होते.

“सुरू ठेवा. येतो मी इच्या सासूले दवाखान्यात दाखवून.” दारात त्या थांबल्या, माझ्याकडे वळल्या. “अन् तू वं, काय बसली? अश्वजितले म्हण, गाडी काढ. ते बुढी बी नाई म्हणन पहिले. मले मालूम आहे ना, कशी म्हणते ते.”