तारांची टोपी आणि माझी हाक

माझी मुलगी आता माझ्याहून उंच झाली आहे. केस विंचरायचे तर तिला पाटावर बसवावं लागतं, आणि तीही निमूट बसते. लहानपणी डोक्याला कोणी बोट लावलेलं तिला खपायचं नाही. आता मी हात थांबवला की मान मागे टाकून आणखी विंचर म्हणून सुचवते. ही सवय तिला एका टोपीने लावली, आणि त्या टोपीच्या दिवसांची आठवण काढली की मला अजून हसू येतं आणि डोळेही भरतात.

तेव्हा ती तीन-साडेतीन वर्षांची असेल. बोलत नव्हती आणि हाक मारली तर वळून बघत नव्हती. कोरगावात आमच्या वाडीवर जो तो येऊन सांगायचा, पोर बहिरी आहे. कान तपासले, ठणठणीत निघाले. खरं तर तपासायची गरजच नव्हती. सकाळी पोदेर पावांची टोपली सायकलला लावून वाडीत शिरायचा, भोंपू वाजवायचा, आणि ही असेल तिथून धावत दारात. मी मात्र घसा सुकेपर्यंत हाका मारायचे आणि बाईसाहेब जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजांवर बोटं फिरवत बसलेल्या. मला त्या पोदेराचा राग यायचा. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं होतं, पण यायचा.

डॉक्टरांनी ऑटिझम आहे असं सांगितलं. सासूबाईंनी देवळात प्रसाद लावून देवाचा कौल घेतला, मांद्र्याला टॅक्सी चालवणाऱ्या नवऱ्याने मोबाइलवर नाही नाही ते वाचून झोप घालवली, आणि मी थेरपीला न्यायला लागले. सगळे विचारायचे, बोलेल कधी? मला तो प्रश्न पडतच नव्हता. मला एकच जाणून घ्यायचं होतं. माझा आवाज हा माझा आहे, एवढं तिला कळतं का? कळत असून ती बघत नसेल तर चालेल, मी वाट बघेन. पण कळतच नसेल, तर त्या घरात मी तिची कोण? हे मी कोणाजवळ बोलले नाही. बोलले असते तर सगळ्यांनी मिळून माझी समजूत काढली असती, आणि समजूत काढलेली मला मुळीच आवडत नाही.

थेरपी डिचोलीला होती. माझं माहेरच तिथलं, त्यामुळे म्हापशाला बस बदलून जायचं तरी माहेरी चालल्यासारखं वाटायचं. खाणीच्या ट्रकांनी लाल झालेली झाडं दिसायला लागली की मी पिशवी आवरायचे. तिथे वरच्या मजल्यावर एका खोलीत लहान मुलांच्या मेंदूवर संशोधन चाललं होतं. करणारी मुलगी फोंड्याची, बाहेर शिकून आलेली, वयाने माझ्याहून लहान. तिने समजावून सांगितलं की मेंदूत सारखी बारीकशी वीज खेळत असते, डोक्यावर तारांची टोपी चढवली की ती बाहेरून टिपता येते. टोचायचं नाही, काही आत सोडायचं नाही. मुलाला आईचा आवाज ऐकवायचा, मग परक्या बाईचा, आणि मेंदू दोन्हींना वेगळं उत्तर देतो का ते बघायचं.

माझ्या मनातलाच प्रश्न कोणीतरी मशीनला विचारणार होतं. मी लगेच हो म्हटलं.

"पण ताई, हे उपचार नव्हेत," ती म्हणाली. "आणि एकट्या तुमच्या मुलीचं मला काही सांगता येणार नाही. पुष्कळ मुलांचं एकत्र केलं की मग कुठे काहीतरी दिसतं."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, बघू, कशी सांगत नाहीस ती.

पहिलं काम टोपीची सवय. तिने घरी न्यायला एक साधी टोपी दिली, तारा नसलेली, जाळीची, आत स्पंजचे गोळे. पोरीने ती बघितली आणि घर डोक्यावर घेतलं. म्हणून ठरलं की आधी आपण घालायची. आणि मग आमच्या घरात जे काय सुरू झालं! नवरा टोपी घालून चहा प्यायचा. मी टोपी घालून मासे साफ करायचे. दिवस काजूचे होते. सासूबाई टोपी घालून अंगणात बोंडूंच्या, काजूच्या फळांच्या, राशीपुढे बसायच्या, बिया पिरगळून बाजूला टाकायच्या, आणि वाटेने जाणारा कोणी थांबून बघायला लागला की ठणकावून विचारायच्या, "बघतंस काय? सायबाची टोपी ही, तुका व्हयी?" सगळ्या घराला बोंडूंचा गोड आंबूस वास, आणि एकेकाच्या डोक्यावर ती जाळी. एवढी मोठी काळजी घरात बसलेली असताना आम्ही इतके कसे हसलो कोण जाणे. ते दिवस परत मिळाले तर मी काळजीसकट घेईन.

एका दुपारी सासूबाई टोपी घालूनच पेंगल्या होत्या. पोर जवळ गेली, टोपी ओढून काढली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. उलटी. 

मग आवाजाचं रेकॉर्डिंग. फोंड्याच्या मुलीने बजावलं होतं, "घरी हाक मारता तशीच मारा." आता आमच्याकडची गंमत सांगते. आम्ही कोरगावची, म्हणजे पेडण्याची माणसं भांडतो, लाडावतो, जेवायला वाढतो ते आमच्या बोलीत. पण लग्नाची पत्रिका, देवळातलं कीर्तन, शाळेतलं भाषण सगळं शुद्ध मराठीत. माइक पुढे आला की आमची जीभ आपोआप इस्त्री करून बसते. मी ठेवणीतली साडी नेसून गेले. सासूबाईंनी आवाज सुटावा म्हणून कोमट पाणी पाजलं. नवऱ्याने सुचवलं, बारशाचंच नाव घे, रेकॉर्ड होणार आहे. ते नाव बारशानंतर पुन्हा कोणी घेतलेलं नव्हतं. घरात ती नुसती बाय. पण मी माइकपुढे ते पूर्ण नाव घेतलं आणि म्हटलं, "बाळा, कुठे आहेस? इकडे ये पाहू." आम्ही तिघेही खूश. किती छान बोललीस, म्हणून नवऱ्याने येताना सोडा पाजला.

तपासणीच्या दिवशी तिने खरी टोपी घालू दिली. मिठाच्या पाण्याने ओले केलेले स्पंज, गालावरून ओघळ, तरी गप्प. मला सांगितलेलं होतं की तिला मांडीवर घ्यायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही. समोर पडद्यावर बिनआवाजाचे बुडबुडे चाललेले. बाजूच्या मशीनवर रेषा धावत होत्या. परकी बाई बोलली. पोर बुडबुडे बघत राहिली. मग माझा आवाज आला. पोर बुडबुडेच बघत राहिली. पुन्हा परकी, पुन्हा मी. तिच्या मानेची शीरसुद्धा हलली नाही. मांडीवर ती नुसती जड होऊन बसली होती.

"फार छान," फोंड्याची मुलगी म्हणाली. "इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग क्वचित मिळतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्वच्छ म्हणे. माझ्या सगळ्या आयुष्याचा प्रश्न होता आणि हिला स्वच्छतेचं कौतुक. मी विचारलं, "ओळखला का माझा आवाज?" तिने शांतपणे पहिल्या दिवशीचंच उत्तर दिलं, नुसत्या रेषा बघून कळत नाही, एकट्या मुलीचं सांगता येत नाही. मी म्हटलं, "मग ती टोपी माझ्या सासूने घालून काय मिळवलं?" तिला हसू आवरेना, आणि मला रडू. तिने मला पाणी दिलं आणि माझ्या सांगण्यावरून ते रेकॉर्डिंग पुन्हा एकदा लावलं.

या वेळी पोर मांडीवर नव्हती, म्हणून मी नीट ऐकलं. बाळा, कुठे आहेस? इकडे ये पाहू. ही कोण बाई? पाठ्यपुस्तकातून उठून आलेली. माझ्या आईला ऐकवलं असतं तर तिनेही मला ओळखलं नसतं.

"ही मी नव्हे हो," मी म्हटलं. "आम्ही घरात असं बोलतच नाही."

तिने रेकॉर्डिंग बंद केलं. मग म्हणाली, "मीच येते तुमच्याकडे."

ती कोरगावला आली. सासूबाईंनी तिला बोंडू खाऊ घातले, तिच्या कपड्यांवर डाग पाडले. रेकॉर्डर तिने ओट्यावर ठेवला आणि आमच्याशी गप्पा मारत बसली. मी माझ्या कामाला लागले. पोर नेहमीप्रमाणे माडांकडे निघाली तशी मी भांड्यावरून मान वर न करता हाक मारली, "बाय गो, खंय गो बाय? ये गो, ये." पोरीने बघितलं नाहीच. पण रेकॉर्डर चालू होता.

पुन्हा डिचोली, पुन्हा टोपी, ओले स्पंज, मांडी, बुडबुडे. तोंड घट्ट मिटून बसायचं. परकी बाई बोलली, पोर बुडबुडे बघत होती. मग समोरच्या स्पीकरच्या खोक्यातून मी बोलले. "बाय गो, खंय गो बाय?"

मांडीवर ती एकदम ताठ झाली. खोक्याकडे तिने बघितलं. मग सगळ्या तारा ओढत मांडीवरच उलटी वळली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. कोणाच्या तोंडाकडे न बघणारी पोर. डब्याचं झाकण लागलंय का ते चाचपावं तसा तिने पंजा माझ्या ओठांवर ठेवला. ओठ मिटलेले. खोक्यातून पुन्हा मी, "ये गो, ये." तिने बोट माझ्या ओठांत घातलं आणि ते उघडायला लागली. आवाज इथलाच आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मशीनवरच्या रेषा वेड्यावाकड्या उसळत होत्या. "हे सगळं बाद होणार, ताई," ती मुलगी म्हणाली. "इतकी हालचाल चालत नाही."  तिने खोका बंद केला. "आता बोला. बोला तिच्याशी."

एवढी वर्षं मी हिला हाका मारत होते. आता ती समोर बसून माझ्या हाकेची वाट बघत होती आणि माझ्या तोंडून एक अक्षर फुटेना. बाय मात्र ओठांतलं बोट न काढता थांबून राहिली होती.