चुलत्याच्या विहिरीचं पाणी

राव, आमच्या शेडात रोज मेलेल्या कोंबड्या निघायला लागल्या ना, तवा मला एकच माणूस दिसायचा. आमचा चुलता! त्याचं बी पोल्ट्री शेड बांधाला लागून, आन त्याचे पक्षी एकदम मस्त. आमचे पिसं फुगवून, मान टाकून बसलेले. ही बॅच गेली तर कंपनी पुढची पिल्लं देणार न्हाई, असं सुपरवायझर तोंडावर सांगून गेलेला. पप्पा पाण्यातून औषध द्यायचे, जरा बरं वाटायचं, परत तेच.

"ह्यानंच कायतरी टाकलंय," मी म्हणलं.

"हळू बोल, ऐकंल तो," आई म्हणली. पण ती बी त्याच्याच शेडाकडं बघत व्हती.

मग पप्पा मेलेली कोंबडी घेऊन ओतूरला डॉक्टरकडं गेले. मी बी गेले, मला पुरावा पायजे व्हता! डॉक्टरांनी पोट उघडलं. लिव्हरवर, हृदयावर पांढरी साय धरल्यागत.

"हे बॅक्टेरिया."

"म्हंजी कोणी टाकलं?" मी लगेच.

"अगं, हे जंतू शेडात कायमच असतात. तगड्या पक्ष्याला काय करत नाहीत." मग त्यांनी शेपटीखालची बारकी पिशवी दाखवली, पार सुकलेली. "रोगाशी लढायची ताकद इथं तयार होते. गंबोरो नावाच्या रोगानं हीच खाल्ली. औषध जंतू मारतंय, पण पक्ष्यात दमच नाही, म्हणून परत परत. गंबोरोची लस दिली होती ना?"

"दिलती की, पाण्यातून," पप्पा म्हणले.

"कुठल्या पाण्यातून?"

पप्पांनी सगळं सांगितलं. लसीच्या दिवशीच बोअरची मोटर जळालेली. चुलता बांधावरून वरडला व्हता, "दादा, माझ्या विहिरीचं घ्या की!" आमाला वाटलं, ह्याच्या पोटात काय हाय कुणास ठाऊक. म्हणून आईनं नळाचं भरलं. गावात जुलाब चालू, म्हणून पंचायतीनं टाकीत टीसीएल, ती जंतू मारायची क्लोरीनची पावडर, दणकून टाकलेली. नुसता वास मारत व्हता.

"लस जिवंत असते, भाऊ. टीसीएलनं तीच मारली," डॉक्टर म्हणले.

निम्मं शेड गेलं. लई हातापाया पडल्यावर सुपरवायझर म्हणला, अजून एकच बॅच देतो, बास.

त्या बॅचच्या लसीला पप्पांनी सोताच चुलत्याच्या विहिरीत पाईप सोडला. मी मात्र बादलीत वाकून वाकून बघत व्हते. चुलत्यानं ते हेरलं. ओंजळ भरून घटाघटा प्याला, तोंड पुसलं.

"हाय का मी उभा अजून? मग भर आता."