‘अक्कलदाढ’चा पहिला ड्रमर

त्याला सगळे कवळी म्हणायचे. त्याचे स्वतःचे दात चांगले मोत्यासारखे होते, पण धंदा दुसऱ्यांचे दात बनवण्याचा. दाताच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे. हा त्यांत प्लास्टर ओतायचा, मेणात दात बसवायचा, घासूनपुसून चकाकवायचा. दिवसभर पांढऱ्या भुकटीत मान खाली घालून बसलेला हा माणूस संध्याकाळी मागच्या खोलीत शिरला, की ड्रमवर असा तुटून पडायचा की फळीवरचे जबडे कडाकडा वाजायचे.

बँड त्यानेच काढला होता, थ्रॅश मेटल वाजवणारा. ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांना एवढंच सांगतो: गिटार करवतीसारखी चालते, ड्रम पाठीमागे कुत्रं लागल्यासारखे पळतात, आणि गायक गात नाही, भांडतो. कवळीची आई एकदा कौतुकाने तालमीला येऊन बसली. बरीच गाणी झाल्यावर म्हणाली, “वाद्यं जुळवून झाली असतील तर आता गाणं म्हणा की.”

गाणारा आणि गिटार वाजवणारा होता लांब्या. कुरियरच्या ऑफिसात पार्सलं लावायचा, शिडीची गरज पडत नसे. बास गिटारवर कवळीचा शाळेतला मित्र. पहिल्या अल्बमची गाणी बसली, स्टुडिओ ठरला, आणि नेमकी तेव्हाच मित्राला जहाजावर नोकरी लागली. बास मागच्या खोलीतच भिंतीला टेकवून तो गेला.

“बासचं बघू नंतर,” लांब्या म्हणाला. “आधी ड्रम तर उरकू.”

पण उरकेना. रेकॉर्डिंग करणाऱ्या बाई बोलायला मऊ होत्या. “छान वाजवता तुम्ही,” त्या म्हणाल्या, “पण गाणं सुरू होतं तेव्हा गाडी उताराला असते आणि संपेपर्यंत चढ लागतो.” कवळी म्हणाला, मोठ्या ड्रमचं पायाने दाबायचं पेडल जड झालंय. पेडलला तेल घातलं. मग म्हणाला, स्टूल उंच आहे. स्टूल बदललं. शेवटी जेवण जास्त झाल्याचं निमित्त निघालं आणि सगळे घरी आले.

घरी धाकटी बहीण वाट बघत होती. ती सलूनमध्ये केस कापायची. बँडची एकही तालीम तिने चुकवली नव्हती.

“दादा, एक सांगू? रागावणार नाहीस ना?”

“रागावणार.”

“मग सांगतेच. तुझा गुडघा दुखतोय. तू मागे पडतोस आणि लांब्या तुला सांभाळून घेतो.”

झालं. अबोला सुरू. जेवताना समोरासमोर बसून कवळी म्हणायचा, “आई, तिला सांग, मीठ दे.” आई म्हणायची, “मीठ तुझ्याच हाताशी आहे.”

मग एका दुपारी तो एक तयार कवळी पोचवायला गेला. डॉक्टरांचा दवाखाना बंद होता, म्हणून लवकर परतला. मागच्या खोलीत ड्रम वाजत होते. त्याला आधी वाटलं, कुणीतरी आपलंच रेकॉर्डिंग लावलंय. पण त्याचं रेकॉर्डिंग इतकं नेटकं नव्हतं. दार ढकललं तर धाकटी. सलूनला सुट्टी होती. केस करकचून बांधलेले, डोळे मिटलेले, आणि ज्या गाण्यात त्याचा दम निघायचा तेच गाणं ती जशी सुरू झाली होती तशीच शेवटापर्यंत पळवत होती.

त्याला दार लावून निघून जावं असं वाटलं. पण पाय तिच्या तालावर आपटत होता, आणि त्या पायाला कोण काय सांगणार? तो प्लास्टरच्या पोत्यावर बसला आणि गाणं संपेपर्यंत उठला नाही.

“किती दिवस चाललंय हे?”

“दिवस कसले दादा, वर्षं,” ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

तो तडक लांब्याच्या ऑफिसात गेला. “ड्रमर बदलायचा.”

“अरे, बँड तुझा आहे.”

“म्हणून तर मी सांगतोय. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर दात पाडले असते.”

धाकटी मात्र ऐकेना. “लोक म्हणतील, हिने भावाला उठवलं.”

“कुठले लोक? आईशिवाय कुणी ऐकायला आलंय का आपल्याला?”

“आणि तू काय करणार?”

त्याने भिंतीला टेकलेल्या बासकडे बघितलं. “चारच तारा आहेत. मी बत्तीस दात बसवतो.”

तारा चारच होत्या, पण त्यांनी त्याला रडवलं. बोटांना फोड आले, लांब्या वैतागला. धाकटीचे ड्रम चटचट रेकॉर्ड झाले आणि कवळी अडला. शेवटी तो रेकॉर्डिंगवाल्या बाईंना म्हणाला, “हिला माझ्यासमोर बसवा.” तिने नुसता पाय आपटायचा, त्याने त्या पायाकडे बघत वाजवायचं, असं करत एकेक गाणं पार पडलं. अल्बमचं नाव त्यानेच सुचवलं: ‘अक्कलदाढ’. उशिरा येते आणि ठणकते, म्हणून. मुखपृष्ठावरचा जबडाही त्याच्याच हातचा.

एका मासिकात परीक्षण आलं. ड्रमवालीच्या पायांत इंजिन आहे, लांब्याच्या गळ्यात वाळू आहे वगैरे. शेवटी एक वाक्य होतं, ‘बासही आहे.’ कवळीने ते जेवताना मोठ्याने वाचलं आणि ठसका लागेस्तोवर हसला. मग त्याने ते पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मनात.

“लागलं का रे?” धाकटीने विचारलं.

“लागलं थोडं.”

दुसऱ्या दिवसापासून त्याने एका म्हाताऱ्या वादकाकडे शिकवणी लावली. पुढे बँडमध्ये दुसरे गिटारवाले आले, गेले. एक जण तर पहिल्याच तालमीत कानात बोटं घालून गेला. बहीणभाऊ मात्र हलले नाहीत. आता कार्यक्रमात तो तिच्या मोठ्या ड्रमला चिकटून उभा असतो. ती हुरळून फारच पळायला लागली, तर तो मागे वळून डोळे वटारतो. ती हसते आणि आणखी पळते.