पदराच्या गाठीतली गोळी

बायांनो, हे वाचाच. माही जाऊ शोभा आज वाशीमले दवाखान्यात भरती हाये.

सोयाबीन सोंगताना तिची कंबर धरली. तिनं डॉक्टरच्या गोळ्या खाल्ल्या, दुकानातल्याबी खाल्ल्या, वरून वावरातल्या बायांनी पदराले बांधेल आपापल्या देल्ल्या. एक मीबी देल्ली. सकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या.

डॉक्टर म्हणे, "गोळ्यायची नावं येगळी, पण आतलं औषध एकच. ते लय झालं, लिव्हर जाईल."

शोभा म्हणे, "ओकारी थांबली ना! घरी चाला, सोंगणी पडली हाये."

"लिव्हरचा त्रास दिसेपर्यंत उशीर होतो, बाई." त्यायनं उताऱ्याची सलाईन लावली.

उद्या पुन्हा रक्त तपासतीन. तवर माह्या जीवाले चैन नाई.

गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिवेल औषधाचं नाव मले वाचता येते. मंग गोळी देताना काहून नाई वाचलं मी? तुमी वाचता काय?