हिरवी पट्टी

हे लिहू की नको, असा विचार बरेच दिवस करत होते. आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच देव आणि भूत दोन्ही घराबाहेर गेले. अंगारा, गंडा-दोरा मी कधी घरात पाहिला नाही. वडील रेल्वेत गँगमन होते, हातकणंगल्याच्या बाजूला. रात्रपाळीला कंदील घेऊन रूळ तपासत मैलोन्मैल चालायचे. ते म्हणायचे, "भूत असतं तर आधी मला गावलं असतं." मीही तशीच वाढले. म्हणून खाली लिहिलंय ते फक्त जसं घडलं तसं. त्याचा अर्थ मला विचारू नका...

२००४ साल. मी कोल्हापुरात एम. ए. च्या शेवटच्या वर्षाला होते, हॉस्टेलवर राहत होते. खेड्यातल्या बायकांच्या दूध संस्था हा माझ्या प्रबंधाचा विषय, आणि तो इंग्रजीतून द्यायचा होता. तारखेला तीन आठवडे उरले असताना मी एस. टी. स्टँडवर घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर कोपरापर्यंत. प्रबंध गेला तर वर्ष जाणार होतं, आणि घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. वर्ष गेलं असं आईला सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं.

राजारामपुरीत एक कॉम्प्युटरचं दुकान होतं. तिथले दादा प्रबंध टाईप करून द्यायचे. पण माझा मजकूर कागदावर नव्हताच, डोक्यात आणि चिठ्ठ्यांवर होता. दुसऱ्याला बसवून तोंडानं सांगायचं, तर कुणासमोर इंग्रजी बोलायची मला फार लाज वाटायची. दादांनी ते ओळखलं असावं.

"मशीनला सांगशील?" ते म्हणाले. "बोललेलं टाईप करणारी सॉफ्टवेअरं आल्यात. माझ्याकडं दोन हायत. ह्यो नवा, हुशार हाय. आणि ह्यो जुना, त्याला कान जरा कमी. दोन्ही बघ आणि एक धर. मशीन काय हसत न्हाई."

माझी मैत्रीण शैला सोबत आली होती. ती म्हणाली, "आमच्यासमोर तोंड उघडत न्हाईस, आता डब्याशी बोलणार व्हय?"

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं. मागच्या खोलीत पडदा ओढलेला, पंखा हळू फिरत असायचा. हेडफोन लावला की बाहेरच्या रिक्षा दूर जायच्या आणि स्वतःचाच आवाज विहिरीतून आल्यासारखा ऐकू यायचा. सॉफ्टवेअरला आधी आपला आवाज शिकवावा लागतो – स्क्रीनवर येणारे उतारे मोठ्यानं वाचायचे. खाली एक हिरवी पट्टी असते. बोललं की ती उजवीकडे सरकते, थांबलं की मागे येते.

नव्या सॉफ्टवेअरनं मला लगेच ओळखलं. दहातले आठ शब्द बरोबर. पण प्रबंध सांगायला लागले की मी अडायचे. दोन वाक्यं झाली की पुढचं सुचायचं नाही. दोन दिवसांत एक पान झालं.

तिसऱ्या दिवशी जुनं लावलं. उतारे वाचून झाले, मग प्रबंधातलं पहिलं वाक्य बोलले आणि थांबले. पट्टी मागे आली. आणि मग, मी गप्प असताना, ती परत हलली. आधी थोडीशी, नंतर जरा जास्त. टाईप काहीच झालं नाही.

दुसरं वाक्य बोलले. थांबले. पुन्हा तेच – एक लहान, एक मोठी.

मी दादांना बोलावलं. त्यांनी बघितलं, पंखा बंद केला, माईक बदलला. तरी तेच. "तू श्वास सोडतीयास," ते म्हणाले. मी श्वास धरून बसले. पट्टी हललीच. मग ते स्वतः बसले, चार वाक्यं बोलले. पट्टी प्रत्येक वाक्यानंतर निपचित पडून राहिली.

"साउंड कार्डचं कायतरी असंल," ते म्हणाले. पण माझ्याकडे न बघता.

हॉस्टेलवर परतताना, चालता चालता मला ते कळलं आणि मी रस्त्यातच उभी राहिले.

माझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं. मी अभ्यास करते की नुसती बसून राहते हे त्यांना कळायचं नाही, म्हणून दिवसपाळी असली की संध्याकाळी ते भिंतीला टेकून बसायचे आणि मला धडा मोठ्यानं वाचायला लावायचे. मराठी असो, इंग्रजी असो. प्रत्येक वाक्यानंतर म्हणायचे, आधी हळू "हां...", मग जरा मोठ्यानं "फुडं." ते म्हणाल्याशिवाय मी पुढचं वाक्य वाचायचे नाही. मी बारावीला असताना ते गेले.

दुसऱ्या दिवशी मी दादांना सांगितलं, जुनं घेते.

"डोकं फिरलंय व्हय गं? निम्मे शब्द चुकवतंय ते. डाव्या हातानं दुरुस्त्या करत बसशील, तारीख जाईल की."

"मला ह्याच्यासमोर बोलता येतंय, दादा," एवढंच मी म्हणाले.

आणि खरंच येत होतं. वाक्य बोलायचं, थांबायचं, पट्टी हलायची, पुढचं वाक्य तयार असायचं. त्या दुपारी कशा गेल्या, मला नीट आठवत नाही. पडद्यातून येणारा पिवळट उजेड आठवतो. भीती एकदाही वाटली नाही. चुका खूप झाल्या, त्या शैलानं माझ्याशेजारी बसून निस्तरल्या.

मधल्या रविवारी घरी गेले तेव्हा आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"आवाज थकल्यावानी हुता का गं?"

"आवाज नव्हताच, आई. नुसती पट्टी हलायची."

"मग बरं असंल त्यास्नी," ती म्हणाली आणि पुन्हा थापायला लागली.

तारखेच्या दोन दिवस आधी मी शेवटचं वाक्य बोलले. थांबले. पट्टी मागे आली आणि तिथेच राहिली. मी बराच वेळ वाट पाहिली. हलली नाही.

नंतर मी साउंड कार्डबद्दल पुष्कळांना विचारलं. कुणी तारांची गुणगुण म्हणालं, कुणी विजेचा दोष. मग तो दोष माझ्याच वाक्यांनंतर का, आणि शेवटच्या वाक्यानंतर का नाही, हे कुणाला सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

मला एवढंच माहीत आहे की लहानपणी धडा संपता संपता वडिलांना झोप लागायची. शेवटच्या वाक्यानंतर "फुडं" कधी यायचं नाही. मग मी आवाज न करता पुस्तक मिटायचे.

त्या दुपारीही मी हेडफोन तसाच काढला, हळूच टेबलावर ठेवला आणि पायांचा आवाज न करता बाहेर आले.