सव्वीस वर्षांनी वर गेलेला हात

व्हरमाँटच्या डोंगरात वेस्ट हार्लो नावाचे गाव आहे आणि त्या गावात लोरेना थीबो नावाची बाई आहे. तीस वर्षे तिने शाळेची पिवळी बस चालवली. बर्फ असो, चिखल असो, गावातले प्रत्येक लेकरू तिने दारातून उचलले आणि दारात आणून सोडले. शेवटच्या बाकावरचा दंगा तिच्या एका हाकेत थांबायचा. त्या आवाजापायीच गावाने तिला मार्चच्या पहिल्या मंगळवारी भरणाऱ्या गावसभेची अध्यक्ष केले.

सव्वीस वर्षे ती खुर्ची तिने सांभाळली. हातात लाकडी हातोडी, समोर सारे गाव. जे बोलायचे ते अध्यक्षांकडे बघून बोलायचे, शेजाऱ्याकडे वळून नाही. केवढी ही रीत! गावाचा राग, गावाची माया, गावाचे विष, सारे आधी त्या एका बाईच्या अंगावर येणार आणि मग निवून एकमेकांना पोचणार. स्वतः तिने मात्र मत द्यायचे नाही. तिच्या एका मताने निकाल फिरणार असेल तरच तिला हात वर करता येतो. सव्वीस वर्षांत तशी वेळ आली नव्हती.

या वर्षीचा प्रस्ताव साधा होता. बंद पडलेली जुनी शाळा नेपाळी बोलणाऱ्या सात कुटुंबांना रविवारी भजनासाठी द्यावी. भूतानमधून हाकलली गेलेली, छावण्यांत वाढलेली ही माणसे. लोरेनाची सून पवित्रा त्यांच्यातलीच, आता या देशाची नागरिक आणि या गावाची मतदार. ऑरिन पाइक या म्हाताऱ्या सुताराचा या प्रस्तावाला कडवा विरोध होता. मागच्या हिवाळ्यात वाणसामानाच्या दुकानात चारचौघांसमोर तो पवित्राला म्हणाला होता, "आता इथंही तुमचा वास यायला लागला." लोरेना तेव्हा शेजारीच उभी होती. ते वाक्य तिच्या काळजातून अजून निघाले नव्हते.

सभेच्या सकाळी पॅनकेकवर मेपलचा पाक ओतत पवित्रा म्हणाली, "आई, ऑरिनकाका येणार म्हणे आज."

"येऊ दे. लेकीकडे राहायला गेलाय, नदीपलीकडे. परगावच्या माणसाला बोलायचं तर सभेतल्या दोन तृतीयांश लोकांची परवानगी लागते. ती काही मिळत नाही."

"मग?"

"मग काय, सभेच्या जेवणातले बीन्स खाईल आणि जाईल गुमान. सुटलो आपण."

पवित्राने पाकाची बाटली खाली ठेवली. मग म्हणाली, "माझ्या आजोबांना आधी बोलू दिलं नव्हतं, आई. नंतर राहूही दिलं नाही."

एवढे बोलून ती भांडी घासायला उठली.

सभा भरली. लोरेनाने आधीच विचारले, "प्रस्तावात माझी सून आहे. खुर्ची सोडू का?"

मागून कोणीतरी ओरडले, "तुम्ही बस चालवा, बाई!" सभागृह हसले. तिच्या बसमध्ये न बसलेला तिथे होताच कोण?

मग शेवटच्या रांगेत ऑरिनने बोलायची परवानगी मागत टोपी वर केली आणि हसू विरले. शिक्षिका सेसिली मार्श उठली. "अध्यक्षबाई, असल्या बोलण्यानं माणसांना जखमा होतात. या छपराखाली त्याला जागा नको."

"बाई, ऐंशी वर्षं ऑरिन बोलतोय," एक गवळी म्हणाला, "अजून कुणी मेलं नाही."

"मेलं नाही, पण बहिरे झालो!" त्याच्या बायकोने टोला दिला.

हात वर झाले, मोजले गेले. बोलू द्या म्हणणारे पासष्ट, नको म्हणणारे तेहेतीस. चिटणीस तिच्या कानाशी वाकला. "दोन तृतीयांशाला एक हात कमी पडतोय. तुमचा."

लोरेनाने समोर पाहिले. सगळ्यांचे हात खाली आले होते. तिसऱ्या रांगेत एकच हात अजून वर होता, खाली घ्यायचे विसरलेला. तो पवित्राचा होता.

लोरेनाने हातोडी खाली ठेवली आणि आपला उजवा हात वर केला.

काय म्हणावे त्या हाताला! मारणाऱ्याला अडवण्यासाठी उचललेले हात जगाने पुष्कळ पाहिले. हा हात, ज्या जिभेने घर दुखावले त्याच जिभेला वाट करून देण्यासाठी उठला होता. सभागृहात विणकाम करणाऱ्या बायकांच्या सुया थांबल्या.

ऑरिन उठला. "अध्यक्षबाई, हे वासाचे लोक..."

ठक्!

"प्रस्तावावर बोला, मिस्टर पाइक. माणसांवर नाही."

"असल्या लोकांना..."

ठक्!

म्हातारा थांबला. समोर पवित्रा नव्हती, लोरेना होती. तिच्याच डोळ्यांत बघून बोलायचे होते. तो म्हणाला, "त्या शाळेतली जमीन मेपलच्या फळ्यांची आहे. मी बसवलीय, याच हातांनी. हे त्यावर बूट घालून नाचतील. आणि खरं सांगू? मला ते तिथं नकोतच. आपटा हातोडी!"

लोरेनाने हातोडी आपटली नाही. "हे तुमचं मत आहे. सभेनं ते ऐकलं."

मग पवित्रा उठली. सासूला ती म्हणाली, "अध्यक्षबाई, मिस्टर पाइकना आपल्यामार्फत सांगावं, आम्ही भजनाला बूट बाहेर काढतो. आणि फळ्यांना तेल कधी द्यायचं, तेवढं त्यांनी सांगावं."

"सप्टेंबरात!" ऑरिन जागेवरूनच गरजला.

ठक्! "परवानगी बोलायची होती, मिस्टर पाइक, ओरडायची नाही."

प्रस्ताव मंजूर झाला. ऑरिनने कोणाशी हात मिळवला नाही. जेवायलाही न थांबता, टोपी डोक्यावर ओढून तो निघून गेला.

जेवणाच्या रांगेत लोरेनाने बीन्सची ताटली डाव्या हातात धरली होती, उजवा खाली सोडला होता. पवित्राने ती हळूच आपल्या हातात घेतली. "आई, हात दुखतोय का?"

"दुखणारच की," लोरेना म्हणाली. "सव्वीस वर्षं वापरलाच नव्हता."