जनाकाकीची टोपली

जनाकाकीमुळे मी शाळेत आणखी दोन वर्षं टिकले. मिरकरवाड्याहून ती आमच्या रत्नागिरीच्या बालगृहात मासे घेऊन यायची. आज इथे नागपुरात मालकिणीसाठी सुकट भाजताना तिचाच वास आला.

आजारपणात माझी शाळा बुडाली होती. "घरचं माणूस आण, मगच वर्गात बस," बाई म्हणाल्या. बालगृहाच्या ताई एका मुलीला घेऊन दवाखान्यात होत्या. मी शाळेच्या फाटकाशी रडत होते. जाता जाता काकीने पाहिलं, टोपली व्हरांड्यात ठेवली आणि सरळ वर्गात शिरली.

"तुम्ही हिच्या कोण?"

"मासेवाली. पण आज हिच्या घरची मीच. नाक धरा हवं तर, पण पोरीला बसवा ओ बाई."

बाईंना हसू आलं. मला धीर यावा म्हणून काकी सुट्टी होईपर्यंत दाराशी बसून राहिली.

तेव्हा मला फक्त माझा बाक दिसला. बाहेर वितळलेला बर्फ आणि नरम पडलेले बांगडे आता दिसतात.

नववीत, मला बालगृहात ठेवून गेलेल्या वडिलांनी परत येऊन मला शाळेतून काढलं आणि इथे कामाला लावलं. पण काकी, मी एकदा येणार. तू सावलीत बस, तुझी टोपली मी विकीन. तोवर असशील ना गं?